पाठमोरा तारणहार

शपथेच्या दिवशीही मक्वालानं पहाटे कणीक मळली, मटण भरून भाकऱ्या भाजल्या. वैर मिटलं की दोन्ही घरांनी एका ताटात जेवायचं, ही स्वानेतीच्या डोंगरातली रीत.

देवळाची किल्ली तिच्या घराण्याकडे होती. आत लाकडी फळीवर सातआठशे वर्षांपूर्वी रेखलेला ख्रिस्त. एका डोळ्यात माया, दुसऱ्यात न्याय. गावात त्याला चित्र कुणी म्हणत नसे. "आपण काय त्याला बघतो? तो बघतो, म्हणून आपण आहोत," म्हातारे सांगत. त्याच्यासमोर खोटं बोललेल्याची चूल वर्षभरात विझायची.

आज तिचा एकुलता एक मुलगा बेश्केन शपथ घेणार होता. शिकारीत त्याचा सोबती मुश्नी बर्फाच्या भेगेत पडला आणि बेश्केन एकटाच परतला. "दोर तुटला," एवढंच म्हणाला. मक्वालानं तो दोर पाहिला होता. टोक सुरीनं कापलेलं. तिनं तो गुपचूप चुलीत सारला. शपथ घेतली नाही, तर मुश्नीचा बाप छोरला रक्ताला रक्त मागणार होता.

फळी कापडानं झाकूनच बाहेर न्यायची, तोंड शपथ घेणाऱ्याकडे करून. देवळाच्या अंधारात मक्वालाचे हात थांबले. तिनं फळी फिरवली. तोंड आपल्या छातीकडे, पाठ जगाकडे.

"माझ्याकडे बघ," ती पुटपुटली. "माझ्या लेकराकडे नको."

वरून कापड घातलं.

"मक्वाला, ये की लवकर! बर्फ वितळायची वाट बघू का?" अंगणातून छोरला ओरडला. बायका हसल्या, पण जरा जपूनच.

ती फळी छातीशी धरून अंगणात आली. बेश्केननं कापडावर हात ठेवला. "मी दोर कापला नाही."

मक्वालाच्या छातीशी कापड ओलसर झालं. मग सुकलं. पुन्हा ओलसर झालं. कुणी श्वास घ्यावा तसं.

छोरलानं डोळे पुसले. "झालं. वैर संपलं." त्यानं शिंगात दारू ओतली. शिंग हातोहात फिरलं. बेश्केनच्या पुढून तसंच निघून गेलं.

"काका, माझा घोट? का अजून रुसलात?"

कुणी हसलं नाही. कुणी वळूनही पाहिलं नाही.

"त्याला द्या की," मक्वाला म्हणाली.

"कुणाला गं?"

ती फळी घेऊन आत धावली. कापड ओढलं. दोन्ही डोळे तिच्यावर. तिनं फळी दाराकडे फिरवली, ओट्यावर टेकवली, स्वतः बाजूला सरकली. डोळे तिच्यासोबत सरकले.

"तिकडे बघ रे! तो बघ, तो माझा!"

डोळे हलले नाहीत.

ती बाहेर आली. छोरलानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आजाऱ्याशी बोलावं तसं हळूच म्हणाला, "मक्वाला, तुला मूल कधी होतं गं?"

"मग शपथ कुणी घेतली?"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. भाकऱ्या थंड होत होत्या.

कुणीतरी तिचा हात घट्ट धरला. बर्फासारखा गार हात.

"आई, मी इथंच आहे. मला हाक मार ना."

ती वळली. हाक मारायला तोंड उघडलं. समोर रडणाऱ्या त्या तरण्या पोराची तिला फार दया आली. पदरानं तिनं त्याचा गाल पुसला.

"कुणाचा रे तू, बाळा?"