येणाऱ्याची वाट

चहा उकळून, गाळून, पिऊन झाला तरी वहिनींचा जुना कॉम्प्युटर काही डोळे उघडत नसे. घरांचे नकाशे काढायचं त्यांचं काम. एखादी भिंत वीतभर सरकवायला जावं, तर सगळा पडदा थिजून जाई आणि वहिनी नखं कुरतडत बसत. ऑफिसने घरून काम करायची मुभा दिली होती ती चिमणीमुळे. लांबलेल्या तापातून पोर नुकती उठली होती, नवरा जहाजावर, घरात चौथं माणूस नाही. मशीन धड नसेल तर ऑफिसात येऊन बसा, असं साहेबांनी गोड शब्दांत बजावलं होतं. पोरीला कुणाच्या भरवशावर टाकायचं, या विचाराने त्यांच्या जिवाला थारा नव्हता.

धाकटा दीर फिरतीवर होता. त्याने फोनवरच तोड सांगितली. "वहिनी, दुकानदाराच्या नादी लागू नका. लाल-निळे दिवे लुकलुकणारं काहीतरी गळ्यात मारेल तुमच्या. माझा मित्र आहे एक, मास्तर म्हणतात त्याला. सुटे भाग निवडून मशीन बांधण्यात त्याचा हात धरणारा नाही. घ्या नंबर." त्याने आकडे भराभर सांगितले. शेवटी म्हणाला, "त्र्याहत्तर."

वहिनींनी फोन खांद्याने कानाशी दाबून, एक हात चिमणीच्या कपाळावर ठेवून दुसऱ्याने नंबर उतरवला आणि लगेच लावला.

"मी मास्तरांशी बोलतेय ना?"

"बोला," पलीकडून मऊ आवाज आला. मागे कुठेतरी पंखा घरघरत होता.

माणूस जाणकार वाटला. नकाशांना भारी ग्राफिक कार्ड लागत नाही म्हणाला, त्यापेक्षा प्रोसेसर तेज घ्या, रॅम दुप्पट करा. "कॅबिनेट मात्र ऐसपैस. आत कुणी बसलं तरी अवघडणार नाही असं."

वहिनी हसल्या. तो हसला नाही.

"ठेवणार कुठे?" त्याने विचारलं. वहिनींनी सवयीने खोलीचा नकाशाच काढून पाठवला. थोड्या वेळाने तो नकाशा परत आला. टेबलाची जागा बरोबर होती. पण टेबलामागच्या भिंतीत एक दार काढलेलं होतं, नकाशात दाखवतात तसं, एक सरळ रेघ आणि पाव वर्तुळ. खोलीच्या आत उघडणारं.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "मास्तर, तिथे दार नाही हो. भरीव भिंत आहे. पलीकडे नुसतं आभाळ, चौथा मजला आमचा."

"असू दे. कॅबिनेटचा मागचा पंखाही हवा आत ओढेल असाच बसवा. येणाऱ्याला वाट ठेवावी."

"आणि जाणाऱ्याला?"

पलीकडची घरघर वाढली. मग, "जायचंय का कुणाला?" आणि वहिनी काही बोलायच्या आत, "बरं, येतो."

फोन बंद झाला तरी वहिनी तो कानाला धरून उभ्या होत्या. फोनवर बोलणं संपलं की माणूस 'ठेवतो' म्हणतो. 'येतो' म्हणतो ते उंबऱ्यात उभं राहून. चिमणीलाही त्यांनी तेच शिकवलं होतं, निघताना 'जाते' म्हणू नये गं, 'येते' म्हणावं.

दुकानातला जोडणी करणारा माणूस मशीन घरी घेऊन आला, तेव्हा मागच्या पंख्यापाशी अडला. "ताई, हा गरम हवा बाहेर टाकतो. असा उलटा नसतात लावत."

"सांगणाऱ्याने विचार करूनच सांगितलं असेल ना?"

"लावतो बापडा. उद्या तापलं तर माझ्या नावाने खडे फोडू नका."

मशीन तापलं नाही. उलट हात ठेवला तर बोटं गार पडत. काम भराभर होऊ लागलं, साहेब खूश झाले. वहिनींचं मन मात्र ठिकाणावर नव्हतं. नकाशा काढता काढता त्या उठत आणि भिंतीवर तळहात ठेवून पाहत. भिंत कोरडी, घट्ट. तरी पंख्यातून येणारा वारा ओलसर होता. बंद घर फार दिवसांनी उघडल्यावर येतो तसा त्याला वास होता.

चिमणी दिवसभर टेबलाखालीच खेळू लागली.

"आई, त्यांच्याकडे चपला बाहेर काढायच्या असतात."

"कुणाकडे गं?"

चिमणीने भिंतीवर थोपटलं आणि बाहुलीचे केस विंचरायला घेतले.

फिरतीवरून परतल्यावर दीर सकाळीच आला. मशीनमागे डोकावून त्याने कपाळावर हात मारला. "हा अतिशहाणपणा कुणाचा?"

"तुमच्याच मास्तरांचा."

"मास्तर? अहो, तो कालच मला विचारत होता, तुझ्या वहिनींचा फोन कधी येणार म्हणून!"

वहिनींनी आपला फोन पुढे केला. दिराने नंबर पाहिला आणि खो खो हसला. "मी त्र्याहत्तर म्हटलं, तुम्ही तीन आधी ऐकलंत आणि सदतीस लिहिलंत! कुण्या परक्या माणसाचं डोकं खाल्लंत, वहिनी." त्याने तो नंबर लावून पाहिला. रिंग वाजलीच नाही. फोनमधून नुसती घरघर आली.

त्याचं हसू ओसरलं. त्याने मशीन बंद करून पंखा सोडवला, फिरवला, स्क्रू आवळले.

मशीन पुन्हा सुरू झालं. आता वारा भिंतीकडे जात होता. खोलीतला गारठा पहिल्यांदाच उतरला. वहिनींनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"घ्या, झाली जाणाऱ्याला वाट," दीर म्हणाला. "चला, येतो वहिनी."

"या," म्हणत वहिनी त्याच्यामागे दारापर्यंत गेल्या.

"आई, मी पण येते हं!" मागून चिमणीचा आवाज आला.

"थांब, काकांबरोबर खाली नाही जायचं," वहिनी जिन्याकडे बघतच म्हणाल्या. दार त्यांनी अडवलेलं होतं. त्यांच्या बाजूने कुणी गेलं नव्हतं. जिन्यावर दिराचीच पावलं वाजत होती.

त्या वळल्या.

"चिमणे?"

खोलीत पंखा घरघरत होता. टेबलाखाली बाहुली होती.

चिमणीच्या चपला नेहमी एक इकडे, एक तिकडे पडलेल्या असत.

आज त्या भिंतीशी होत्या. जोडीने, नीट. टाचा खोलीकडे, बोटं भिंतीकडे.