जुनी हद्द

वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांनो, हे तुम्ही मुद्दाम केलंत. त्याचं कंत्राट वाढवायचं की नाही, हे तिच्या चाचणीवर टांगलंत — दोघांचं जुळतंय हे अख्ख्या ऑफिसला ठाऊक असताना.

काम त्याचं असं: आजच्या संगणकाच्या पोटात खोटा जुना संगणक उभा करायचा. जुना प्रोसेसर मेमरीचे तुकडे पाडायचा. कुठला तुकडा कुठवर, हे एका तक्त्यात लिहिलेलं असायचं. त्याने तो सगळा संसार त्याच्या मते हुबेहूब मांडला, पण त्यात एका कारखान्याचा जुनाट प्रोग्राम सकाळपासून सारखा तोंडावर आपटत होता.

"गोगलगाय, इकडे ये." त्याला सगळेच असं म्हणत. ती जरा हळू म्हणायची.

तो खुर्ची ओढून बसला. कोपराला कोपर लागलं… दोघांनीही काढून घेतलं नाही.

"तू दर वेळी तक्ता उघडून हद्द बघतोस."

"मग? बघायला नको?"

"खरा प्रोसेसर तुकडा हातात घेताना एकदाच बघतो, आणि मनात धरून ठेवतो. नंतर तक्ता बदला नाहीतर पुसा, तो जुन्याच हद्दीवर चालतो. हा प्रोग्राम त्याच भरवशावर लिहिलाय."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मुळापासून…"

"हो."

"आणि निकाल आजच द्यायचाय." तो कसंनुसं हसला. "बाकीचे प्रोग्राम चालतात की. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं —"

"आणि कारखान्यात यंत्र मध्येच थांबलं तर?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नको… मी बोललोच नाही असं समज."

तिचं बोट क्षणभर अडखळलं. मग तिने 'नापास' दाबलं.

तो उठला, कप उचलला, चार्जर गुंडाळला आणि जिन्याकडे निघाला. ती मागोमाग धावली, वळणावर आडवी उभी राहिली.

"कुठे निघालास?"

"बेकार माणसाने कुठे जायचं असतं?"

"माझ्या घरी. रविवारी. आई विचारत होती, मुलगा कसा आहे म्हणून. म्हटलं, चुकतो, पण दाखवलं की ऐकतो."

"नोकरी नसलेल्याला तू… आईसमोर…"

"तुझ्या नोकरीशी नाही जमवत मी. तोंड बघून पास केलं असतं, तर तुझ्याकडे बघायची सोय राहिली नसती." ती वाटेतून हलली नाही. "नुसता बघू नकोस. येणार आहेस की नाही?"