सव्वातीन फुटांची वाट

"तुम्ही रोझमेरीवर उभे आहात."

त्याने दचकून आधी डावा पाय उचलला, मग उजवा, आणि खाली बघितलं. खाली उघडी माती होती, मातीवर चुन्याच्या फक्कीने मारलेला एक मोठा पांढरा गोल होता आणि त्या गोलावर त्याच्या बुटाचा ठसा होता. रोझमेरीचं नावनिशाण नव्हतं.

"कुठे आहे?"

"सोमवारी येणार आहे."

"मग सोमवारपर्यंत उभा राहिलो तर चालेल?"

हे त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. पांढरा कोट, हनुवटीवर ओढलेला मास्क आणि अंगाला लवंगेच्या तेलाचा वास... मी हातातली फक्कीची डबी त्याच्यासमोर धरली आणि पुसलेली रेघ दाखवली. तो "सॉरी" म्हणाला, वळला आणि गोलाच्या दुसऱ्या बाजूने पुन्हा रेघ पुसत दार ओढून आत गेला.

घर त्याच्या मावशीचं. पुढच्या बाजूला, रस्त्याला लागून त्याचा दातांचा दवाखाना, वर मावशी, आणि मागे हे चौकोनी अंगण. मावशींना अंगणात शोभेचा वाफा हवा होता, पण फुलांचा नको, वासाचा. दिसायला देखणा, जाता-येता हात लागला की दरवळणारा आणि वरच्या खिडकीतून पुरता दिसणारा. भाचा खालीच असतो, पण त्याचा तुला काही त्रास नाही, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मावशी बाकी बाबतीत फार शहाण्या आहेत.

मी बागा आखते. जागा बघायची, कागदावर काढायची, जमिनीवर उतरवायची, झाडं लावायची आणि पुढच्या गावी निघायचं. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. लहानपणी शेजारच्या काकू कौतुकाने म्हणायच्या, आता आई काळजीने म्हणते. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. एकच गोष्ट मधूनच टोचायची. मी लावलेला एकही वाफा मी दुसऱ्या वर्षी पाहिलेला नव्हता. भरलेला, एकमेकांत मिसळलेला, मूळ धरून बसलेला वाफा कसा दिसतो, ते मला फक्त लोकांनी पाठवलेल्या फोटोंतून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी रेघ पुन्हा पुसलेली. मी पुन्हा मारली, ती दुपारी पुसली. मग मी खुंट्या ठोकून सुतळी बांधली, तर हा माणूस पाय उचलून सुतळी ओलांडून चालायला लागला. मान खाली, हात मागे, ओठांशी काहीतरी पुटपुटत. शेवटी मी खुरपं टाकलं आणि जाऊन समोर उभी राहिले. अख्खं अंगण पडलंय, तुम्हाला माझ्याच वाफ्यातून जायची काय हौस आहे, असं सरळ विचारलं.

त्याचा चेहरा पडला. दात काढायचा असला की त्याच्याच्याने आत बसवत नाही, हे त्याने हळू आवाजात कबूल केलं. विशेषतः अक्कलदाढ असली की. दुखणार पेशंटला आणि घाम फुटणार याला. म्हणून आधी इथे चार फेऱ्या मारायच्या, हात स्थिर झाले की आत जायचं. इतकी वर्षं असंच चाललंय.

"हे कुणाला सांगू नका हं. धंदा बसेल माझा."

"आणि मी सांगितलं तर?"

"तर तुमचा एखादा दात दुखेपर्यंत वाट बघेन."

मी हसले. हसायला नको होतं, कारण त्यानंतर मला नीट भांडता येईना.

भांडता येईना म्हणून मी बघायला लागले. मागच्या दारातून निघायचं, नळाला वळसा घालायचा, खिडकीखालून तिरकं जायचं, कुंपणाच्या भिंतीला हात लावायचा आणि परत. रोज तीच वाट. माती तिथे इतकी टणक झाली होती की कुदळ मारली तर मनगटाला झिणझिण्या यायच्या. आमच्या कामात एक साधा नियम आहे, पायांशी भांडायचं नाही. लोक जिथून चालतात तिथून वाट काढायची, बाकीच्या जागेत झाडं लावायची. हे मी दहा लोकांना शिकवलंय आणि इथे मात्र गोल चांगला दिसतो म्हणून हट्ट धरून बसले होते.

मी गोल मोडला. त्याची वाट जशी होती तशीच ठेवली, तिरकी, वाकडी, नळाशी पोट सुटलेली, आणि वाफ्याचे तिच्या दोन बाजूंना दोन भाग केले. एक मोठा, एक लहान. मागे उंच रोझमेरी आणि लव्हेंडर, मधे राखाडी पानांचा सेज आणि अगदी वाटेच्या कडेला थाइम, म्हणजे चालताना बूट घासला तरी वास सुटावा. मावशींना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं आणि वाट इतकी वाकडी कशी, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तुमचा भाचाच तसा चालतो.

सोमवारी झाडं आली आणि लागवड सुरू झाली. का कोण जाणे, त्याच्या फेऱ्या वाढल्या. सकाळी एक अक्कलदाढ, दुपारी एक, कधी संध्याकाळी उरलेली एक. गावातल्या सगळ्यांना एकदमच अक्कल यायला लागली होती, असं वाटत होतं. येताना तो माझ्यापाशी थांबायचा, उकिडवा बसायचा आणि काहीतरी विचारायचा. बोट लागलं की बोटाचा वास घ्यायचा. त्याच्या लवंगेच्या वासात आता सेजचा वास मिसळायला लागला होता.

पुदिना लावायला मी बूड काढलेली बादली जमिनीत पुरली, तेव्हा त्याने विचारलं की या बिचाऱ्यालाच कैद का.

"मोकळा सोडला तर सगळा वाफा खाऊन टाकतो. त्याला एका जागी राहवत नाही."

"अच्छा." त्याने बादलीच्या कडेवरून बोट फिरवलं. "मावशी म्हणत होती, तुमच्याही पायाला भिंगरी आहे."

"आहे. मग?"

"काही नाही... तुमच्या मापाची बादली मिळते का, विचारत होतो."

मी ओल्या मातीचा हात त्याच्या पांढऱ्या कोटाला पुसला. तो जागचा हलला नाही, मीही हात लगेच काढला नाही. मग वरची खिडकी वाजली आणि आम्ही दोघेही एकदम पुदिन्याकडे बघायला लागलो.

बुधवारी मला कामं देणाऱ्या सरांचा फोन आला. दुसऱ्या शहरात एका मोठ्या हॉटेलची बाग होती, दोन वर्षांचं काम, राहायची सोय तिथेच, निघायचं रविवारी. एरवी सरांचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं असतं. या वेळी मी "शुक्रवारी कळवते" म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर लव्हेंडरचं एक रोप दोनदा उपटून दोनदा लावलं.

तो भिंतीपाशी उभा होता. त्याने ऐकलं होतं.

हा वाफा भरायला किती दिवस लागतील, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वर्ष तरी, खरं तर दोन. आणि तोपर्यंत तुम्ही कुठे असाल, यावर मी नेहमीचं उत्तर दिलं, की असेन कुठेतरी, मला फोटो पाठवा. माझं मलाच ते वाक्य ऐकवेना. त्याने मान हलवली आणि भिंतीला हात न लावताच परत गेला. त्या दिवशी तो पुन्हा बाहेर आला नाही.

गुरुवारीही नाही.

मला बसवेना, उभं राहवेना. पाणी घातलेल्या रोपांना मी पुन्हा पाणी घातलं. जरा दार वाजलं की मान वर. दार वाऱ्याने वाजत होतं. मला तो आवडला होता, चांगलाच आवडला होता, आणि रविवारी मी निघून गेले तर हा वाफाही कुणाच्या तरी फोटोत भरणार होता. काम उरलं होतं ते फक्त वाटेच्या कडेला विटा बसवायचं. वाटेच्या दोन्ही कडा आखून मी विटा मांडल्या, मग थांबले. इकडेतिकडे बघितलं. आणि लहान भागाकडच्या सगळ्या विटा उचलून बाहेर सरकवल्या. कडेचा थाइम मागे नेला, त्यासाठी सेजची रोपं काढावी लागली, तीही काढली.

शुक्रवारी सकाळी मावशी जिन्यावरून खाली उतरल्या आणि वाफा बघत सावकाश फिरल्या. रोझमेरीची फांदी कुस्करून हुंगली, खूश झाल्या, आणि वाटेवर येऊन थांबल्या. चित्रात वाट एवढी रुंद नव्हती, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. एकट्या माणसाला एवढी कशाला, गाडी चालवणार आहे का तो?

"माप चुकलं," मी म्हटलं.

"तुझं?" मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बरं. आणि तो तरी कुठे गेला दोन दिवस? खाली नुसता बसून असतो. खुर्ची नाही तर दुसरं करणार तरी काय म्हणा."

"कसली खुर्ची?"

"अगं, पेशंटची. वर-खालीच होईना, म्हणून सोमवारी दुरुस्तीला नेली. दवाखाना बंदच आहे की."

मी खुरपं हातात धरून तशीच उभी राहिले. सोमवारी. रोझमेरी आली त्याच दिवशी खुर्ची गेली होती. म्हणजे मंगळवारची ती सकाळची दाढ, दुपारची दाढ, संध्याकाळची उरलेली... आणि दाढ कोरायच्या मशिनचा आवाज इतके दिवस आला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी कशाचा आवाज ऐकत होते, ते मला चांगलं माहीत होतं.

मावशी वर गेल्या. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं. पांढरा कोट होता, खांद्यापाशी माझ्या हाताचा मातकट डागही होता. धुतला नव्हता.

"एक अक्कलदाढ आहे," तो म्हणाला. "म्हटलं, फेरी मारावी."

"कुणाची?"

"म्हणजे?"

"दाढ कुणाची? खुर्ची तर दुरुस्तीला गेलीय."

तो कानापर्यंत लाल झाला. नळाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझीच असेल. उशिरा येतेय." तो जवळ आला. "तुम्ही रविवारी जाताय, म्हणून मी ठरवलं होतं की आता फेऱ्या बंद. पण आत बसून हात जास्तच थरथरतात. मला तुम्ही आवडता. हे सांगायचं होतं, मग जा."

मी खुरपं खाली ठेवलं. तो खाली बघायला लागला, विटांच्या या ओळीपासून त्या ओळीपर्यंत, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"ही वाट वाढली का?"

"हो."

"चुकून?"

"एका माणसाला दीड फूट पुरते," मी म्हटलं. "ही सव्वातीन आहे."

"म्हणजे दोन माणसांची."

"शेजारी शेजारी चालली तर."

त्याने वाटेकडे बघितलं, मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "पण मग... खांदे नाही लागणार एकमेकांना?"

"लागतील. चार फूट ठेवली असती, तर लागले नसते."

तो हसला नाही. एक पाय वाटेवर ठेवला, जरा सरकला आणि माझ्यासाठी जागा केली. आम्ही नळाला वळसा घातला, खिडकीखालून तिरके गेलो. खांदे लागत होते. थाइम अजून बोटभरच होता, तरी माझ्या चपलेखाली थोडा चुरडला आणि वास आला.

भिंतीशी पोचलो तेव्हा माझा फोन वाजला. सर होते. तो लगेच बाजूला व्हायला लागला, मी त्याची बाही धरून ठेवली. सरांना सांगितलं की हॉटेलची चित्रं इथे बसून करून देईन, लागेल तेव्हा चार दिवस येऊन जाईन, पण राहायला येणार नाही. सरांनी विचारलं, इथलं काम तर आज संपत होतं ना? मी म्हटलं, लावून झालंय सर, पण मला हा भरलेला बघायचाय.

फोन ठेवला तरी मी बाही सोडली नव्हती.

"दोन वर्षं म्हणाला होतात ना," त्याने विचारलं, "भरायला?"

"हो. पण कडेच्या थाइमवर रोज कुणाचा पाय पडला, तर जास्तही लागतील."

"मग रोज पाडू."

वरची खिडकी उघडली. खुर्ची घेऊन माणूस आलाय, तो पुढच्या दाराशी खोळंबलाय, असं मावशींनी ओरडून सांगितलं. हा भिंतीला हात लावून वळला आणि माझ्यासाठी पुन्हा तेवढीच जागा केली.

"त्याला म्हणावं, खुर्चीवर बस जरा," तो चालता चालता म्हणाला. "आम्ही एक फेरी मारून येतो."