बेदेलच्या खिंडीतले हात

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी तुमच्यावर एक काम सोपवलंय. काम साधं. दोन घरी जायचं, एकच गोष्ट विचारायची, आणि ऐकलं तसं लिहून आणायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही. जमेल?

उलकानला वाटलं, जमेल. इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठावरचं कारा-बुलुन हे तिचं गाव. साल एक्क्याण्णव, किर्गिझस्तान नुकताच स्वतंत्र झालेला. पंचाहत्तर वर्षांपूर्वी झारच्या सैन्यापुढून अख्खं गाव चीनकडे पळालं आणि बेदेलच्या खिंडीत, बर्फात, निम्मं गारठून मेलं, हे आता मोठ्याने बोलता येत होतं. मेलेल्यांच्या नावांची शिळा उभी राहायची होती. शुक्रवारी पाथरवट येणार होता.

अडलं होतं एका नावावर. असिल मोल्दो. मोल्दो म्हणजे गावचा मुल्ला. त्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे तोच होता. खिंडीच्या तोंडाशी त्याने घोडा थांबवला, लोकांना वर पाठवलं, आपला लहान मुलगा भावाच्या हवाली केला, आणि मागे राहिलेल्यांना आणायला म्हणून जो उतरला तो परत दिसला नाही. त्याला कबर नाही. तो लहान मुलगा म्हणजे उलकानचे आजोबा, चोरोबाय.

"शिळेवर नाव आलं, तर निदान बापापुढे उभं राहायला एक जागा होईल," एवढंच ते म्हणायचे.

पहिलं घर सोनुन-आपांचं. त्या अंगणात जर्दाळूच्या बिया फोडत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. उलकानने विचारलं, खिंडीच्या तोंडाशी मोल्दोने शेवटी काय केलं?

"लिही. मी नऊ वर्षांची होते. मोल्दोच्या घोड्याच्या डाव्या अंगाला, अगदी रिकिबीपाशी. दोन हात वर झाले, तळवे आभाळाकडे. दुवा दिली त्याने आम्हाला. आमच्या घरचे सात जण वर गेलो, सातही जण पलीकडे उतरलो." त्यांनी एक बी तोंडात टाकली. "आता त्या इमानकुलकडे जाशील. तो भलतंच सांगेल. त्याला समोरचा उंट दिसत नाही."

दुसऱ्या घरी म्हातारे इमानकुल-अता गोठ्यात लगाम शिवत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "काय म्हणाली? तळवे आभाळाकडे?"

"तुम्ही सांगा ना, अता. मी लिहिते."

"म्हातारीला लग्नात स्वतःचा नवरा ओळखता आला नव्हता, ती हात ओळखणार." त्यांनी दाभण खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. तळवे जमिनीकडे, हातांची पाठ आभाळाकडे. उलकान मागे सरकली. उलटी दुवा. तिच्या गावात लहान मुलं खेळातसुद्धा हात असे धरत नाहीत. शाप असतो तो.

"आमच्या घरचे अकरा जण वर गेलो. पलीकडे उतरलो मी एकटा. असल्या माणसाचं नाव माझ्या आईच्या नावाशेजारी? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही."

"तुम्ही कुठे उभे होतात?"

"डाव्या अंगाला, रिकिबीपाशी. सोनुनने माझा हात धरला होता."

उलकानच्या मनात आलं, दोघांपैकी एक खोटं बोलतंय. खोटं बोलणारा माणूस बारीकसारीक गोष्टीत चुकतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने विचारलं, "बाही कसली होती? मेंढीच्या कातड्याची?"

अतांनी दाभण पुन्हा उचललं. "बाही नव्हती," ते म्हणाले. "कोपरापर्यंत उघडे होते. एवढं बर्फ पडत होतं, पण हातांवर एक कण नव्हता."

ती पळतच सोनुन-आपांकडे गेली. आपांनीही तेच सांगितलं. बाही नाही. बर्फ नाही. मग त्यांनी बियांचं पातेलं उचललं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

संध्याकाळी चहा पिताना तिने आजोबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"माझ्या बापाने हात वर केलेच नाहीत. मी चार वर्षांचा, त्याच्या पुढ्यात खोगिरावर होतो. त्याच्या कोटाच्या आत. दोन्ही हात माझ्या कमरेला होते. एकदाही सुटले नाहीत."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मुलगा बापाच्याच बाजूने बोलणार, पोरी. कोण ऐकतं?"

त्यांनी नजर चुकवली, असं उलकानला वाटलं. आजोबांविषयी असा संशय तिला पहिल्यांदाच आला, आणि त्याची तिला लाज वाटली.

म्हणून गुरुवारी दुपारी, स्वच्छ उन्हात, खिंडीतलं सगळं तसंच पुन्हा उभं करून बघायला तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं. गावचे सहा पांढऱ्या दाढीवाले भिंतीशी बाकावर बसले. आजोबा घोडीवर चढले. उलकान वही घेऊन त्यांच्या पुढ्यात बसली. आजोबांनी कोट तिच्याभोवती ओढून घेतला आणि आत दोन्ही हात तिच्या कमरेला घट्ट धरले. सोनुन-आपा आणि इमानकुल-अता डाव्या अंगाला, रिकिबीपाशी येऊन उभे राहिले.

"इथेच होतात ना?"

"इथेच," आपा म्हणाल्या. "आणि हा मेला इमानकुल तेव्हाही माझ्या पायावर पाय देऊन उभा होता."

बाकावर कुणीतरी हसलं.

मग दोघांनी माना वर केल्या.

घोडीने कान मागे पाडले.

आपांचे तळवे हळूच उघडले. "ओमीन," त्या पुटपुटल्या. इमानकुल-अता एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी बाहीने तोंड झाकलं. दोघांची नजर एकाच जागी होती. आजोबांच्या टोपीच्या थोडं वर.

बाकावरच्यांना तिथे काहीच दिसलं नाही.

"चोरोबाय," इमानकुल-अतांनी बाहीआडून विचारलं. "तुझे हात कुठे आहेत?"

"पोरीच्या कमरेला."

"मग ते असिलचे नव्हते. पंचाहत्तर वर्षं मी भलत्याच माणसाला शिव्या दिल्या." त्यांनी बाही खाली केली नाही. "लिही, पोरी. लिही त्याचं नाव."

आजोबांना रडू फुटलं. त्यांनी चेहरा ओंजळीत झाकला. त्यांची दोन्ही कोपरं उलकानच्या खांद्यांवर टेकली होती आणि हुंदक्यांबरोबर हलत होती.

तिच्या कमरेभोवतीची मिठी तशीच होती. गार. घट्ट.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की चार वर्षांच्या त्या पोरालाही हात नुसते जाणवले होते. कोटाच्या आत ते त्याला दिसले नव्हते.

"लिहिलंस का गं?" बाकावरून आवाज आला.

उलकानने काय केलं? तिने खाली पाहिलं नाही. वही घोडीच्या मानेवर टेकवली आणि असिल मोल्दोचं नाव लिहायला घेतलं, सावकाश, एकेक अक्षर. शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत ते हात सुटले नाहीत.