आकारामच्या गाडीचा हॉर्न

मी पिराजी. पेठ वडगावात मोटारसायकलींच्या वायरिंगचं काम करतो. करंट असेल तर वाजतं, नसेल तर वाजत नाही. सगळा जन्म एवढ्याच एका गोष्टीवर काढला. म्हणून पुढचं जे सांगणार आहे, ते खरं आहे याचा सगळ्यात जास्त त्रास मलाच होतो.

फेब्रुवारी २००३. रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले असतील, लख्ख ऊन होतं.

वडगावपासून चार किलोमीटरवर एक मळा आहे. चारी बाजूंनी ऊस आणि मध्ये दोनच घरं. खरं तर एकच घर होतं. भावाभावांत बांधावरून भांडण झालं आणि अंगणात मधोमध छातीएवढी भिंत आली.

एका बाजूला थोरले हंबीरराव. दुसऱ्या बाजूला धाकट्या आकारामची बायको, शालूबाई. आकाराम आठ वर्षांपूर्वी अपघातात गेला, एवढंच मला माहीत होतं.

ज्या मोटारसायकलच्या कामाला मला बोलावलं होतं, ती गाडी त्याचीच होती.

पोलिसांनी सोडल्यावर हंबीररावांनी ती आपल्या गोठ्यात आणून लावली. वैरणीच्या मागं, पोत्यांखाली. आठ वर्षं कुणी हात लावला नव्हता. आता दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिन चालू करून दिलं होतं, पण हँडलवरचं एकही बटण चालत नव्हतं.

"धाकट्या पोरीचं लगीन ठरलंय. जावयाला द्यायची हाय," हंबीरराव म्हणाले. "लाइट, डिपर, इंडिकेटर, समदं कर. हॉर्न तेवढा ऱ्हाऊ दे."

"हॉर्नशिवाय गाडी कशी द्यायची, आबा?"

"नगं म्हटलं की!"

एवढं बोलून ते घरात गेले.

माणसाची तऱ्हा, असं म्हणून मी कामाला बसलो. गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि मी. नवी बॅटरी माझ्या पिशवीतच होती. गाडीतली बॅटरीची जागा रिकामी. इंजिन बंद. चावी माझ्या खिशात.

हे नीट लक्षात ठेवा.

डाव्या बाजूचा स्वीच उघडला. बंद पडलेल्या गाडीत असतं तेच. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवं कीट, स्प्रिंग गंजून चिकटलेली, आत कोळ्याचं जाळं. पेट्रोलात ब्रश बुडवून एकेक पट्टी साफ करायला घेतली.

शेवटी हॉर्नच्या बटणाखालची पट्टी आली...

ती चकचकीत होती.

रोज वापरातल्या गाडीची असते तशी. बाकी सगळं सडलेलं, आणि एवढी एकच पट्टी झिजून गुळगुळीत झालेली.

मी बोट फिरवलं.

पट्टी कोमट होती.

उन्हानं तापली असेल, असं मनाशी म्हणालो. पण गोठ्यात ऊन नव्हतं.

तेवढ्यात...

"प्यँऽऽ"

अगदी बारीक. लांबून आल्यासारखा. रस्त्यावर कुणी असेल म्हणून मी बाहेर पाहिलं. पाणंदीत चिटपाखरू नव्हतं.

मागे वळलो तर दोन्ही म्हशी उठून उभ्या होत्या. गाडीकडे बघत. कान ताठ.

उघड्या स्वीचमधलं बटण हळूहळू आत जात होतं...

कुणीतरी अंगठ्यानं दाबावं तसं.

आणि हॉर्न वाजला. लांबलचक. मग थांबला. दम खाल्ल्यासारखा. पुन्हा वाजला.

मी पिशवीकडे पाहिलं. बॅटरी तिथंच होती. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा काढली नव्हती.

हंबीरराव पळत आले. तोंडावर रक्त म्हणून उरलं नव्हतं.

"तोड! ती वायर तोड आदी!"

"आबा, बॅटरीच नाही हो..."

"तोड म्हणतोय न्हवं!"

तोवर भिंतीपलीकडून आवाज आला.

"वाजू दे की, भाऊजी."

शालूबाई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. घाबरलेल्या दिसत नव्हत्या. एखाद्याची वाट बघून बघून थकलेलं माणूस असतं, तशा होत्या.

"पावणं, त्या दिवशीबी असाच वाजत हुता," त्या मला म्हणाल्या. "साखर कारखाना चालू हुता तवा. सांजचं सात वाजलं असतील. ह्यांची गाडी वळणावर उसाकडच्या खोल चरीत गेली. हँडल छातीवर. वरडाय येईना. सकाळी ऊसतोडकऱ्यांनी बाहीर काढलं, तवाबी अंगठा बटणावरच हुता."

हॉर्न वाजतच होता. थांबत, थांबत.

"मी बारा दिवसांची बाळंतीण. ह्या भाऊजींच्या दारात दोनदा गेले. म्हटलं, भाऊजी, आवाज आमच्याच गाडीचा हाय, बत्ती घेऊन जावा. तर म्हणालं, पिऊन वाजवत बसला असंल, वाजवू दे. आन् टीव्हीचा आवाज वाढीवला."

हंबीरराव जमिनीकडे बघत होते. "खोटं हाय," असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

"मग पोराला पाळण्यात टाकून मीच निघाले. आवाजाच्या रोखानं. ओढ्यापतूर पोचले आन्..."

त्यांनी उसाकडे हात केला.

"आन् हॉर्न थांबला. चारी बाजूला ऊस. अंधार. कुठं बघू? हाका मारून मारून परत आले. त्यो माझ्यापास्नं ईस पावलांवर हुता, पावणं. ईस पावलांवर."



हॉर्न चालूच होता. आता त्याचा सूर खाली येत चालला होता. बॅटरी उतरत जाते तसा. घरघर लागल्यासारखा.

"तोड," हंबीरराव पुटपुटले. हात जोडून. "मिस्त्री, तुझ्या पाया पडतो."

मी पक्कड घेतली आणि वायर तोडली.

का तोडली? मला तो आवाज सहन होईना, म्हणून. दुसरं काही कारण नाही.

वायरची दोन्ही टोकं माझ्या हातात होती...

तरी हॉर्न वाजत होता.

आणखी तीनदा वाजला. मग आपल्या आपण थांबला. बटण हळूच वर आलं. म्हशी खाली बसल्या. मी पलीकडे बघितलं, तर शालूबाई आत निघून गेल्या होत्या. त्यांनी दार लावल्याचा आवाज मला अजून आठवतो. आपटलं नव्हतं. साधं, रोजचं लावावं तसं लावलं होतं.

मी स्वीच तसाच उघडा टाकून निघालो. "बाहीर बोलू नगंस," एवढंच हंबीरराव म्हणाले.

ती गाडी जावयाकडे गेली नाही. भंगारात गेली, असं नंतर कानावर आलं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात वडगावच्या बाजारात शालूबाई भेटल्या. पोरगं बरोबर नव्हतं, एकट्याच भाजी घेत होत्या. मी विचारलं, "हंबीरराव कसे आहेत?"

"रोज सांजचं सातला उठत्यात. जेवत असलं तर ताट सोडून. उसात घुसत्यात, सगळी चर हुडकत फिरत्यात. अंग चिरून, चिखलानं भरून माघारी येत्यात. म्हणत्यात, आवाज आला, पर जवळ गेलो की थांबतोय."

"आणि तुम्हाला? तुम्हाला येतो का ऐकू?"

"मला न्हाय." त्यांनी वांगी निवडता निवडता सांगितलं. "मला जवा यायचा तवा आला. आता त्यांची पाळी."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समाधानही नव्हतं. काहीच नव्हतं.

मी जायला निघालो. तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"पावणं, वायर तुमीच तोडलीसा न्हवं?"

"होय."

"मग तुमालाबी..."

तेवढ्यात भाजीवाल्यानं त्यांना काहीतरी विचारलं. त्या तिकडे वळल्या. मी बराच वेळ तिथं उभा होतो. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

इतकी वर्षं झाली. अजून तरी मला काही ऐकू आलेलं नाही.

पण संध्याकाळी सात वाजता मी दुकानात कुणालाच हॉर्न तपासू देत नाही. आणि रस्त्यावर कुणी वाजवला, तर बाहेर जाऊन बघून येतो... खरंच कुणी आहे का ते.