किल्ल्यातला खोकला

"महे, लवकर ये! किल्ल्यातून धूर निघायलाय!"

मामेभाऊ विरूपाक्षची हाक ऐकून महानंदा माजघरात धावली. भिंतीवर एका पडक्या विलायती किल्ल्याचं छापील चित्र होतं. आजोबांनी ते बोलारमच्या इंग्रज छावणीतल्या लिलावात घेतलं आणि पलीकडच्या कापसाच्या खोलीचा झरोका झाकायला इथं टांगलं होतं. काच कधीच फुटली होती. बुरुजाची खिडकी कसरीनं खाल्ली होती, आणि त्या भोकातून खरोखरच धुराची बारीक रेघ वर चढत होती!

महानंदा आणि तिचा धाकटा भाऊ ईरण्णा सुट्टीला मामाच्या गावी मुडबीला आल्यापासून विरूपाक्षचे काशप्पाकाका रोज बजावत, "त्या किल्ल्यात भूत हाय. कापसाच्या खोलीकडं फिरकू नका!" महानंदाला ते कधीच पटलं नव्हतं, पण आता भर दुपारी तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

तेवढ्यात किल्ला खोकला!

शांतम्मामामींनी घाईघाईनं चित्रासमोर विभूती ठेवली. "हात लावू नकोस, पोरी!"

महानंदा मात्र जागीच थिजली. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. "विरू, लपंडावात ईरण्णा सापडला का रे?"

"न्हाई की! केवढा येळ झाला!"

तिचा पाच वर्षांचा भाऊ कापसात लपला होता! काशप्पाकाकांनी आत न बघताच बाहेरून कुलूप लावलं असणार; किल्ली त्यांच्या कमरेला, आणि काका गेलेले कल्याणीच्या बाजाराला.

"मामी, भूत न्हाई, आपला ईरण्णा हाय त्यो!"

तिनं चित्र ओढून काढलं. भपकन धूर अंगावर आला. काळ्याकुट्ट झरोक्यात तिनं खांद्यापर्यंत हात घातला. हाताला काहीच लागेना. मग चिमुकल्या बोटांनी तिचं मनगट धरलं.

"वढ, विरू, वढ!"

ईरण्णा झरोक्यातून बाहेर आला, खोकून खोकून लाल झालेला. शेजाऱ्यांनी कुलूप फोडलं आणि घागरीमागून घागरी ओतून धुमसणारा कापूस विझवला.

संध्याकाळी काका परतले. "बगा, म्या सांगत न्हवतो? भुतानं आग लावली!"

"व्हय काका?" महानंदानं मूठ उघडली. आत तंबाखूचा अर्धवट जळलेला चुट्टा होता. "ह्यो कापसात सापडला. तुमचं भूत चुट्टा वढतंय जनू!"

चोरून ओढायची जागा सांभाळायला काकांनी भूत पाळलं होतं! आता त्यांना मान वर करवेना.

मामींनी महानंदाला पोटाशी धरलं. "मी विभूती ठेवत बसले, आन् तू लेकरू वाचवलंस. शाबास गं!"

"लई भ्यालास का रे?" विरूपाक्षनं विचारलं.

ईरण्णानं उघड्या झरोक्याकडं बोट दाखवलं. "मी भोकातून बघायलो व्हतो. हाक मारायला आवाजच निघंना. तुमी समदे तितं हुबे... चित्रातल्या मानसांवानी. कुनीच हलंना."