दुभाष्याचा हेतू

वकिलातीच्या पहिल्या मजल्यावर शिष्यवृत्तीच्या मुलाखती चालू होत्या. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि प्रश्न पोटात ठेवणं तिला जमत नसे. बाकावर शेजारी बसलेल्या तरुणाला तिनं विचारलं, "ही माणसं आपल्याला फुकट का शिकवत असतील हो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"उद्या आपण मोठ्या खुर्चीत बसलो, की त्यांच्याबद्दल चार शब्द बरे बोलावेत म्हणून."

तो गालातल्या गालात हसला. "मीही तिकडेच शिकलो. आता त्यांच्याकडेच दुभाषा आहे."

"म्हणजे गळाला लागलात."

"लागलो खरा... पण पाणी गोड होतं."

आत गेल्यावर अधिकारी बाईंनी नेमका तोच प्रश्न विचारला. तिनं तेच उत्तर दिलं. बाकावरचा तो तरुणच आत दुभाषा होता; तो घुटमळला. हळूच म्हणाला, "जरा मऊ करून सांगू?"

"नको. शब्दाला शब्द सांगा."

त्यानं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, तिच्याकडे निरखून पाहिलं, काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"सकाळपासून अकरा जणांनी मैत्रीवर भाषण ठोकलं. ही पहिली खरं बोलली."

दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली. निघण्याआधी तीन महिने तिकडची भाषा शिकायची होती, आणि शिकवणारा तोच. वर्ग सुटायचा, तिचे प्रश्न सुटायचे नाहीत. तिकडे एकटं वाटायचं का? कोणी आवडली होती का? या प्रश्नाला त्यानं फळा पुसायला घेतला — फळा कोराच होता.

शेवटच्या दिवशी तो खिडकीशी उभा राहून म्हणाला, "तिकडे गेलीस, की सगळं आवडायला लागेल. इथलं लहान वाटेल. मला वाटलं होतं."

'गेलीस' तिनं बरोबर टिपलं.

"मग परत का आलात?"

"आई वाट बघत होती."

"वकिलातीचा हेतू मला पहिल्याच दिवशी कळला," ती म्हणाली. "तुमचा मात्र तीन महिन्यांत कळला नाही."

तो खिडकीपासून तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "दोन वर्षांनी तू परत यावीस... माझ्याकडे. बाकी काही नाही."

तिनं वही मिटली. मान खाली घालून, पण हसत विचारलं, "आईंची गाठ कधी घालून देतोस?"

"आत्ता आहे ती घरी."

"चल मग."